बाथरूममधला प्लग पॉइंट आणि गीझर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात थंडी पडायला लागली की माझ्या फोनवर दोनच प्रकारचे मेसेज येतात. एक, ‘गीझर लावला की घरातली लाइट जाते’. दुसरा, ‘आरशाशेजारी एक प्लग पॉइंट काढून द्या’. वाड्यातली मोरी असो नाहीतर हिंजवडीतला विसाव्या मजल्यावरचा फ्लॅट, शंका त्याच. वायरिंगच्या कामात इतकी वर्षं गेल्यावर उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. एकाच गोष्टीचं दळण नको म्हणून प्रश्नांना आकडे दिलेत.

१. बाथरूममध्ये प्लग पॉइंट काढावा का? हो की नाही, तेवढंच सांगा.

नाही. वरचा गीझरचा पॉइंट सोडला तर आत एकही नको. ट्रिमर, हेअर ड्रायर, मोबाइलचा चार्जर, सगळं दाराबाहेर. इंटिरिअरवाल्याने ड्रॉइंगमध्ये बेसिनशेजारी सॉकेट दाखवलाय म्हणून लोक आग्रह धरतात. ड्रॉइंगमध्ये पाणी उडत नाही.

२. घरभर तेच २३० व्होल्ट असतात. मग बाथरूममधलाच शॉक जिवावर का बेततो?

व्होल्टेज तेच, अंग वेगळं. कोरड्या हाताची कातडी करंटला बऱ्यापैकी अडवते. तिचा रोध कित्येक हजार ओहम असतो. अंघोळ करताना अंग भिजलेलं, पाय अनवाणी आणि ओल्या फरशीवर. तेव्हा हा रोध साधारण हजार ओहमपर्यंत उतरतो असं धरा. २३० भागिले १०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर.

१०-१५ मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५० मिलिअँपिअरच्या आसपासचा करंट एखादा सेकंद छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. आपल्या हिशेबात तर त्याच्या चौपट-पाचपट निघाला. ‘मला स्वयंपाकघरात दोनदा शॉक बसलाय, काही झालं नाही’ असं सांगणारे काका भेटतात. त्या वेळी त्यांच्या पायात कोरडी स्लीपर होती.

३. टबपासून किंवा शॉवरपासून सॉकेट नेमका किती लांब हवा?

जगभर वापरल्या जाणाऱ्या नियमांत बाथरूमचे विभाग पाडलेले आहेत. टबच्या आतली जागा म्हणजे शून्य विभाग. टबच्या बरोबर वर, जमिनीपासून २.२५ मीटरपर्यंतचा भाग म्हणजे पहिला विभाग. टबच्या कडेपासून पुढे ६० सेंटिमीटर म्हणजे दुसरा. या तिन्ही विभागांत नेहमीचा २३० व्होल्टचा सॉकेट चालत नाही. टब किंवा ट्रे नसलेला नुसता शॉवर असेल, तर पाणी जिथून बाहेर पडतं त्या बिंदूपासून चहूबाजूंना १.२ मीटर, म्हणजे चार फूट, हा पहिला विभाग.

ब्रिटनचा नियम आणखी कडक आहे. तिथे पहिल्या विभागाच्या हद्दीपासून आडवं २.५ मीटर अंतर सुटल्याशिवाय सॉकेट बसवता येत नाही. पूर्वी तर हे अंतर ३ मीटर होतं. बाणेर-बावधनच्या बंगल्यांत हल्ली टब बसतात. तिथे काम करताना मी ब्रिटनचा आताचा २.५ मीटरचा आकडाच धरतो, कारण टबात आडवं पडलेल्या माणसाचा हात आपल्याला वाटतो त्याहून लांब पोचतो.

४. आमच्याकडे टब नाही, बादली-तांब्या आहे. मग ही मोजमापं आम्हाला कशाला?

तुम्हालाच जास्त लागू आहेत. पुण्यातल्या साध्या फ्लॅटचं बाथरूम चार बाय सात फुटांचं असतं. शॉवरपासून चार फुटांची दोरी धरून फिरवा, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सगळी जागा तिच्यात येते. उरलेल्या तीन फुटांत कमोड असतो आणि त्याच्या बाजूला जेट स्प्रे. हा जेट स्प्रे लोकांच्या हिशेबात कधीच नसतो. त्याची नळी मीटरभर लांब, आणि बाथरूम धुताना बाई तो हातात घेऊन भिंती, दार, आरसा, सगळं फवारून काढते. शॉवरचं पाणी निदान खाली पडतं, जेट स्प्रेचं वर चढतं.

मोरीतही तेच. तांब्या डोक्यावर ओतला की पाणी खांद्याच्या उंचीवरून उडतं, आणि मोरीतला जुना बोर्ड नेमका खांद्याच्याच उंचीला असतो. आपल्या जुन्या लोकांनी बाथरूमच्या दिव्याचं बटण दाराबाहेर ठेवायची पद्धत पाडली ती फार शहाणपणाची होती. नव्या स्कीममध्ये ते बटण आत गेलेलं बघितलं की मला वाईट वाटतं.

५. गीझरचा पॉइंट मग कसा असावा?

जमिनीपासून साडेसात फुटांच्या वर, म्हणजे २.२५ मीटरची हद्द सुटते. जागा गीझरच्या बाजूला किंवा वर, खाली कधीच नाही. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकणं हे त्याचं कामच आहे, ते सॉकेटवर ठिबकायला नको.

सॉकेट १६ अँपिअरचाच. २००० वॉटचा गीझर साधारण ८.७ अँपिअर ओढतो, ३००० वॉटचा इन्स्टंट १३ अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये ॲडॉप्टर घालून गीझर चालवला तर तो आधी पिवळा पडतो, मग काळा, मग वितळतो. वायर तांब्याची, ४ स्क्वेअर एमएम. गीझरला डीबीतून, म्हणजे घराच्या मेन बोर्डातून, स्वतंत्र लाइन आणि तिच्यावर स्वतःचा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारं बटण. बटण दाराबाहेर, इंडिकेटरचं आणि डबल पोल, म्हणजे फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) दोन्ही तोडणारं. डबल पोल का, ते प्रश्न १४ मध्ये.

विकत घेताना आयएसआयची खूण बघा. स्टोरेज गीझरसाठी आयएस २०८२, सॉकेट आणि प्लगसाठी आयएस १२९३.

६. आमच्याकडे चांगल्या कंपनीचे एमसीबी आहेत. आरसीसीबीचा वेगळा खर्च कशाला?

एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. २० अँपिअरचा एमसीबी २० अँपिअरपर्यंत गप्पच बसणार. प्रश्न २ मध्ये माणसाचा जीव घेणारा करंट ०.२३ अँपिअर निघाला. एमसीबीच्या दृष्टीने तो एक साधा दिवा आहे.

आरसीसीबी, ज्याला बरेच वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात, तो वेगळी गोष्ट बघतो. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का? ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तर कुठेतरी गळती आहे असं समजून तो ०.३ सेकंदाच्या आत लाइन तोडतो. गळती मोठी असेल तर आणखी लवकर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी हाच ३० मिलिअँपिअरचा आकडा आहे. दुकानदार १०० किंवा ३०० चा देईल, ‘हा सारखा पडत नाही’ म्हणून. तो पडत नाही हीच त्याची अडचण. ते आकडे आगीपासूनच्या संरक्षणासाठी असतात, बाथरूमसाठी नाहीत.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. पडला तर ठीक, नाही पडला तर बदला. मात्र या बटणाने अर्थिंगची, म्हणजे गळतीचा करंट जमिनीत नेणाऱ्या तारेची, तपासणी होत नाही. अर्थिंग नसलं तरी बटण दाबल्यावर तो पडतोच.

७. गीझर लावला की आरसीसीबी पडतो. वायरमन म्हणाला, बायपास करून टाकू. करू का?

नका करू. तो वायरमन बदला.

पडतो म्हणजे गळती आहे, आणि गीझरमध्ये ती बहुतेक वेळा कॉइलची असते. वाघोली, उंड्री, हिंजवडी या भागात बोअर नाहीतर टँकरचं पाणी येतं, ते जड. पाण्यातले क्षार कॉइलवर बसतात. परवा एका घरी कॉइल बाहेर काढली, तर अंड्याच्या टरफलासारखा पांढरा थर, नखाएवढा जाड, आणि एका ठिकाणी त्याला उभी चीर. थरामुळे उष्णता बाहेर पडत नाही, कॉइल आतून तापत राहते, वरची नळी फुटते आणि पाणी आतल्या विजेच्या तारेपर्यंत पोचतं. त्या घरातली मुलगी आठवडाभर आरसीसीबीला शिव्या देत होती. तो बिचारा रोज सकाळी तिला वाचवत होता.

खात्री अशी करा. बटण बंद करून गीझरचा प्लग काढा आणि आरसीसीबी वर करा. आता टिकला तर दोष गीझरमध्ये. तरीही पडला तर दोष वायरिंगमध्ये. तेव्हा इलेक्ट्रिशियनने ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, वायरीवरचं आवरण तपासायला हवं, अंदाजाने नाही. जड पाणी असेल तर दरवर्षी थंडीच्या आधी गीझर उघडून साफ करा, आतला मॅग्नेशियमचा रॉडही झिजलाय का ते बघा.

नरकचतुर्दशीच्या पहाटे दोन गीझर, मायक्रोवेव्ह आणि माळा एकदम लागल्यावर जो पडतो तो बहुधा एमसीबी असतो, लोडमुळे. तो वेगळा आजार. कोणती दांडी खाली आली ते बघून मग फोन करा.

८. घरात अर्थिंग आहे की नाही कसं कळणार?

तीन भोकांचा सॉकेट दिसला म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात मी गीझरचा सॉकेट उघडला. वरच्या मोठ्या, म्हणजे अर्थच्या, भोकाच्या स्क्रूवरून बोटभर तार न्यूट्रलच्या स्क्रूला जोडलेली होती. अर्थिंग नव्हतं, म्हणून कुणीतरी ‘जुगाड’ करून ठेवलं होतं. आता मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गीझरच्या लोखंडी अंगावर थेट २३० व्होल्ट येणार, आणि हे करणारा माणूस पैसे घेऊन कधीच गेलेला.

मल्टिमीटरने फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. नुसत्या टेस्टरने अर्थिंग कळत नाही. न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी शून्य आलं, तर सॉकेट उघडून वरच्यासारखा जोड आहे का ते बघायला सांगा. हे काम इलेक्ट्रिशियनचं. यूट्यूब बघून दिवा जोडून तपासू नका.

नळाच्या पाइपला अर्थिंग जोडायची जुनी पद्धत पूर्णपणे सोडा. पूर्वी लोखंडी पाइप जमिनीपर्यंत सलग असायचा. आता मध्येच सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपचा, तुकडा बसवलेला असतो, त्यामुळे तुमचा दोष जमिनीत न जाता शेजाऱ्यांच्या नळावर जातो.

९. वाड्यात अर्थिंग नाहीच, आणि मालक करून देत नाहीत. नुसता आरसीसीबी लावला तर?

लावा, आजच. आरसीसीबीला काम करायला अर्थची तार लागत नाही. फरक एवढाच: अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच, माणसाने हात लावायच्या आधी तो पडतो. नसेल तर तो तुमच्या अंगातून करंट जमिनीत गेल्यावर पडतो. धक्का बसेल, पण बहुधा जीव वाचेल.

उलट प्रश्नही येतो: अर्थिंग उत्तम आहे, मग आरसीसीबी नको ना? हवाच. सोसायटीच्या अर्थपिटचा, म्हणजे अर्थिंग जिथे जमिनीत पुरलेलं असतं त्या खड्ड्याचा, रोध ५ ओहम धरला तर दोषाचा करंट ४६ अँपिअर. २० अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर झटकन पडेलच असं नाही, कधी मिनिटभरही लागतं. तेवढा वेळ गीझरच्या अंगावर वीज राहते.

१०. शॉवरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. थोड्याच असतात, चालेल?

चालणार नाही. गीझरचं बटण बंद, प्लग बाहेर, आणि दुरुस्ती होईपर्यंत चुलीवर पाणी तापवा. झिणझिण्या म्हणजे गीझरमध्ये गळती आहे आणि अर्थिंग तुटलंय, दोन दोष एकदम. आरसीसीबी असूनही झिणझिण्या येत असतील तर गळती अजून ३० मिलिअँपिअरच्या खाली आहे. कॉइलची चीर मात्र रोज वाढते. गीझर बंद करूनही झिणझिण्या येत असतील, तर दोष शेजारच्या किंवा वरच्या घरातला असू शकतो. सोसायटीला लगेच कळवा.

११. पीजीमध्ये राहतो, गीझर नाही. पाणी तापवायचा रॉड वापरला तर काय काळजी घ्यायची?

या सगळ्या यादीत मला सर्वात जास्त भीती रॉडची वाटते. गीझरमध्ये कॉइल निदान टाकीत बंद असते. रॉड उघड्या बादलीत असतो, आणि त्याचं एक्स्टेन्शन दाराच्या फटीतून आत आलेलं असतं. आधी रॉड खुणेपर्यंत बुडवा, मग बटण लावा. पाणी तापलं की बटण बंद, प्लग बाहेर, आणि त्यानंतरच रॉड काढा. बोट घालून पाणी तापलं का ते बघायचं नाही. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या बादलीत रॉड टाकायचा नाही. बादली बाथरूममध्ये नाही, बाहेर कोरड्या जागी ठेवा आणि तापल्यावर उचलून आत न्या. दोन पिनांचा, बिनखुणेचा स्वस्त रॉड घेऊ नका. आयएस ३६८ ची खूण आणि तीन पिना बघा.

१२. कुणाला शॉक लागला तर पहिल्यांदा काय करायचं?

त्याला धरू नका. आधी मेन बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने तार बाजूला करा. ओल्या बाथरूममध्ये धावत शिरलेला दुसरा माणूसही जातो. वीज बंद झाल्यावर श्वास बघा. नसेल तर १०८ ला फोन, आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायला सुरुवात करा: मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्या आणि ईसीजी काढा.

१३. वॉशिंग मशीन बाथरूममध्येच बसतं, दुसरी जागा नाही. झाकणवाला वॉटरप्रूफ सॉकेट लावला तर?

आधी ड्राय बाल्कनी बघा. नाव ‘ड्राय’ असलं तरी तिथेही नळ आणि भांडी घासायची जागा असते, म्हणून तिथला सॉकेट नळाच्या विरुद्ध भिंतीला, पाच फुटांच्या वर घ्या.

खरंच पर्याय नसेल तर सॉकेट बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ठेवा आणि भिंतीला भोक पाडून मशीनची केबल अखंड बाहेर काढा. झाकणवाल्या सॉकेटवर लोक फार विसंबतात. आयपी ४४ म्हणजे उडणाऱ्या शिंतोड्यांपासून बचाव, जेट स्प्रेच्या धारेपासून नाही. शिवाय बऱ्याच मॉडेलमध्ये तो दर्जा झाकण बंद असतानाचा. प्लग घातला की झाकण अर्धवट उघडंच राहतं.

हॉटेलात आरशाशेजारी ‘फक्त शेव्हरसाठी’ असा सॉकेट दिसतो तो अपवाद आहे. त्याच्या आत छोटा आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सॉकेटला घरच्या लाइनपासून वेगळं ठेवणारा ट्रान्सफॉर्मर असतो, तो जेमतेम २०-५० वॉट देतो. १५०० वॉटचा हेअर ड्रायर त्याच्यावर चालणारच नाही, आणि तेच बरं.

१४. बटण बंद केलं की गीझर सुरक्षित ना?

बटण फेजवर असेल तर. जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर बसवलेलं सर्रास सापडतं. गीझर बंद होतो, दिवा विझतो, पण फेज कॉइलपर्यंत तशीच उभी असते. कोथरूडला एका आजोबांनी ‘मी बटण बंद करूनच अंघोळ करतो’ म्हणून आरसीसीबी लावू दिला नव्हता. त्यांच्या बंद बटणाच्या पलीकडे टेस्टर लावून दाखवला, तो पेटला. आजोबा बराच वेळ टेस्टरकडेच बघत राहिले. डबल पोल बटण असेल तर ही भानगडच उरत नाही.

१५. पावसाळ्यात वरच्या बाथरूमची गळती आमच्या बोर्डावर येते. खर्च कुणाचा?

ओल आलेल्या बोर्डाची लाइन आधी डीबीतून बंद करा. भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपमध्ये पाणी साठतं आणि भिंत वरून सुकली तरी आत राहतं; म्हणून मेगरने तपासल्याशिवाय लाइन चालू करू नका. महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत, त्यापुढचं वायरिंग घरमालकाचं. अर्थपिट आणि शाफ्टमधल्या मेन लाइन सोसायटीच्या. भाडेकरूंनी मालकाला लेखी कळवावं, फोटोसकट. काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या आणि टेस्ट रिपोर्ट मागा. पैसे कमी करून मागता, तसा रिपोर्टही मागता येतो.

१६. मेन बंद केला तरी बाथरूमचा दिवा चालूच राहिला. असं कसं?

इन्व्हर्टर. बाथरूमचा दिवा आणि एक्झॉस्ट इन्व्हर्टरवर असतात; मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो त्या लाइनला वीज देत राहतो, तीही २३० व्होल्टची. एक्झॉस्ट बदलताना कितीतरी जण असेच पडलेत. दुरुस्तीच्या वेळी मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद करा.

दुसरी गोम अशी की आरसीसीबी बहुधा इन्व्हर्टरच्या आधी बसवलेला असतो. लाइट गेली की इन्व्हर्टरच्या लाइनवर त्याचं संरक्षण राहत नाही. इन्व्हर्टरच्या आउटपुटवर वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावून घ्या आणि त्याचा न्यूट्रल बाकी घराच्या न्यूट्रलपासून वेगळा ओढायला सांगा. दोन्ही न्यूट्रल एकत्र राहिले तर गळती नसतानाही आरसीसीबी पडत राहील, आणि मग कुणीतरी येऊन प्रश्न ७ मधला बायपास सुचवेल.